तीन रात्री, नो नेटवर्क!

अ‍ॅनिव्हर्सरीला काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी आदल्या रात्री साडेअकराला पडतो. मग घाईघाईत केक, कोपऱ्यावरचं ठरलेलं हॉटेल आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला, मी डेडलाइनला. यंदा मात्र लग्नाचा पाचवा वाढदिवस होता आणि नवऱ्याने चक्क दहा दिवस आधी बुकिंग करून टाकलं. आमच्या मानाने ही पंचवार्षिक योजनाच! शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवारी गोवा, रविवारभर नुसता समुद्र, सोमवारी सकाळी परत. क्रूझ!

"आणि ऐक ना, तिकडे रेंज नसते म्हणे," तो खुशीत म्हणाला. बाथरूममध्येही फोन नेणारा माणूस हा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते. त्याला सांगितली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मला दिल्लीहून ऑफर आली होती. पर्मनंट नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, मेडिकल इन्शुरन्स... पाच वर्षं फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला विचारा, या शब्दांनी पोटात काय होतं ते! उत्तर द्यायची मुदत सोमवार संध्याकाळ. आणि नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीत, घराचं लोन दोघांच्या नावावर. रोज म्हणायचे, आज रात्री जेवताना सांगू. रोज रात्री जेवताना आम्ही टीव्ही बघायचो.

असो. मुंबईला क्रूझचं तसं अप्रूप नाही. स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा' 2005 मध्ये इथून सुटायला लागली होती. 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' आली. 2019 मध्ये जलेशची 'कर्णिका' आली आणि 2020 मध्ये कोविडच्या तडाख्यात कंपनी बंद होऊन बोट अलंगला भंगारात गेली. आम्ही गेलो ती कंपनीही नवीनच. नाव मुद्दाम देत नाही, कारण थोडं रडगाणं गायचं आहे.

त्याआधी आजी. म्हणजे नवऱ्याची आजी, वय वर्षं 86, मुक्काम देवगड. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बोटीन जातास? मगे खावक काय घेतलास?" लग्न करून ती मुंबईला आली ती कोकण बोटीनेच. बोट किनाऱ्याला लागायची नाही. आधी पडावात बसायचं, मग हेलकावणाऱ्या पडावातून बोटीवर चढायचं, ट्रंक वर, पोरं वर, नवरी वर! रात्रभर डेकवर वळकटी पसरून झोपायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. शेवटी तिने हळूच विचारलं, "रामदासची आठवण आसा मा?" 17 जुलै 1947ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या तिच्या पिढीला बोट म्हटलं की अजून तेच नाव आठवतं. मी म्हटलं, आजी, आमच्या बोटीवर लाइफबोटी आहेत.

होत्याच. त्यातली एक आमच्या खिडकीत होती! आम्ही 'सी व्ह्यू' केबिनचे पैसे भरले होते आणि खिडकीतून दिसत होती केशरी लाइफबोटीची पाठ. म्हणून टिप नंबर एक (आणि शेवटची, मी याद्या करत नाही): बुकिंग करताना डेकचा नकाशा मागा आणि खिडकीसमोर काय आहे ते विचारा. चेक-इनच्या रांगेत तीन तास गेले. दोन सिंगल बेड जोडून केलेल्या डबल बेडच्या मधल्या फटीत माझं घड्याळ पडलं. जाहिरातीतल्या आकड्यात पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज, टॅक्स मिळवले की रक्कम जवळजवळ दीडपट होते, कोल्ड्रिंकचे पैसे वेगळेच. आणि अ‍ॅनिव्हर्सरीचा केक? तो आला, पण त्यावर कुणा पिंकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. आम्ही खाल्ला. पिंकी, सॉरी!

पण खरं सांगू? संध्याकाळी सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, सगळे आपापल्या जागी जाऊन ड्रिलला उभे राहिले, मग बोट हलली आणि मी रडगाणं विसरले. मुंबई मागे जाताना कधी बघितलीय तुम्ही? आपण तिच्यातच असतो ना, त्यामुळे दिसतच नाही. दिवे लांब गेले. खांदेरीचा दीपस्तंभ, तोच तो कान्होजी आंग्रेंच्या नावाचा, डाव्या हाताला लुकलुकला आणि मागे पडला. फोनवरच्या काड्या चाराच्या दोन, दोनाची एक, मग काहीच नाही. बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क असतं, पण त्याच्या रोमिंगचे दर बघून फोन एरोप्लेन मोडवर टाकला. मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! दिल्ली माझ्यापर्यंत पोहोचूच शकत नव्हती.

शनिवारी मुरगावला पोहोचली.

बोट धक्क्याला लागली आणि अख्ख्या डेकवर टिंग टिंग टिंग सुरू झालं. सव्वाशे मेसेज, त्यात तो मेल. 'सोमवारपर्यंत कळवाल ना?' पणजीला जाताना टॅक्सीत मी फोन पालथा मांडीवर ठेवला. नवरा खिडकीबाहेर बघत होता. मासे खाल्ले, पाऊस नसतानाही छत्र्या विकणारा एक माणूस बघितला, काजू घेतले. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मला खरंच आठवत नाही.

रात्री बारा वाजता झोप येईना म्हणून डेकवर गेले. हा आधीच तिथे. आता किनारा उजवीकडे होता, काळोखात एकच दिवा उघडमीट करत होता. "देवगड असेल," तो म्हणाला. "आजी झोपली असेल."

मी म्हटलं, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"दिल्लीचं ना?"

मी बघतच राहिले. मेल मी त्याच्या लॅपटॉपवर उघडला होता आणि लॉगआउट करायला विसरले होते. त्याला पंधरा दिवस माहीत होतं. पंधरा दिवस तो रोज वाट बघत होता आणि मग त्याने क्रूझ बुक केली.

"घरी तू बोलली नसतीस," तो म्हणाला, "आणि मीही विचारलं नसतं. काहीतरी निघतंच ना. फोन येतो, स्विगी येतो, झोप येते."

मी चिडले. अगदी कडकडून. माहीत असून गप्प बसलास? तो म्हणाला, तू काय केलंस? मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी आणखी चिडले. इथे घरी असते तर बेडरूमचं दार आपटून माहेरी फोन लावला असता. तिथे कुठे जाणार? केबिन एवढीशी, बाथरूम त्याहून एवढंसं, पलीकडे अरबी समुद्र. रागावून मी तीन डेक उतरले, बुफे बंद होता, परत वर आले. तो तिथेच होता, माझ्या जागेवर स्वतःचं जॅकेट ठेवून.

रविवारी आम्ही पूलमध्ये उतरलो नाही, शो बघितला नाही. जैन काउंटरवरची अप्रतिम कढी मात्र दोनदा खाल्ली. बाकी दिवसभर बोलत होतो. लोन, त्याची बढती, त्याच्या आईचा गुडघा, मूल हवं की नको आणि हवं तर कधी... दिल्लीवर फक्त तासभर बोललो असू. मध्ये दोन वेळा भांडलो. एकदा तो रडला, ते त्याने लिहायची परवानगी दिली आहे.

सोमवारी बॅलार्ड पिअरला उतरलो. टॅक्सीत बसल्यावर मी मेल लिहिला. महिन्यातला एक आठवडा दिल्लीत, बाकी काम मुंबईतून, जमेल का? पाठवायच्या आधी त्याला वाचून दाखवला. त्याने एक स्पेलिंग सुधारलं.

हा लेख देईपर्यंत उत्तर आलंय: 'विचार करून कळवतो.' आजीला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "बोट लागली नाय मा?" नाही आजी, उलटी एकदाही झाली नाही.