तेरा टनांचा हप्ता

नागपूर म्हणजे देशाचा मध्य, हे सांगण्याची आम्हा नागपूरकरांना मोठी हौस. पाहुणा आला की त्याला झीरो माइलचा खांब दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. पण हा मध्य खरा अनुभवायचा असेल तर अमरावती रोडवर वाडीला जावे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग या शहरात एकमेकांना छेदतात, आणि चारी दिशांचे ट्रक इथे घटकाभर विसावतात. बँकेतल्या नोकरीची काही वर्षे मी याच ट्रकांना कर्जे देण्यात घालवली.

१९९७ सालची गोष्ट. माझ्या शाखेच्या कर्जावर घेतलेल्या एका सहाचाकी ट्रकचा मागचा आतला टायर भर मे महिन्यात बुटीबोरीच्या अलीकडे फुटला. गाडी कलंडली. ड्रायव्हर वाचला, सतरा-अठरा वर्षांच्या क्लिनरचा पाय गुडघ्याखाली कायमचा अधू झाला. पाहणीसाठी मी गेलो. धरमकाट्याच्या पावतीवर माल होता तेरा टन. पासिंग दहा टनांच्याही आतले!

मी मालकाला फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पासिंगवर चालवलं तं तुमचा हप्ता कुठून भरू जी?"

शाखेत परतून मी त्याची फाइल काढली. उत्पन्नाच्या अंदाजपत्रकात लिहिले होते : महिन्याला सहा फेऱ्या, फेरीला तेरा टन. खाली सही माझी होती.

त्यानंतर मी हा हिशेब शिकलो. वाडीच्या एका म्हाताऱ्या टायरवाल्याने तो मला शिकवला, आणि तो चौथीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. त्या काळी सहाचाकी ट्रकचे मालासकट एकूण वजन कायद्याने १६.२ टन : पुढच्या आसावर सहा, मागच्या आसावर १०.२. यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे. मात्र ते केवळ कागदावरचे नव्हे. टाकी भरून, ड्रायव्हर-क्लिनर बसवून, ताडपत्री, दोर आणि स्टेपनीसकट गाडी काट्यावर चढवायची. आमच्या त्या ट्रकसारखी गाडी तेव्हा ६,४५० किलो भरली. म्हणजे मालाला उरले ९,७५० किलो. बस्स.

आता टायर. प्रत्येक टायरच्या कडेवर त्याची ताकद छापलेली असते. सोळा प्लायचा दहा-वीस टायर एकेरी चाकाला ३,००० किलो पेलतो, जोडचाकात २,७२५. जोडीत कमी का? कारण दोन्ही भाऊ सारखा भार उचलत नाहीत. एकात हवा कमी असली की दुसरा मुकाट्याने त्याचाही भार वाहतो. पुढे दोन, मागे चार; सगळी बेरीज १६,९००. मर्यादेच्या वर उसंत फक्त सातशे किलोंची, तीही टायर नवे आणि हवा पुरेपूर असली तर. घासलेल्या टायरवर रबर चढवले म्हणजे नक्षी नवी होते. आतले थकलेले धागे थकलेलेच राहतात.

तेरा टन भरल्यावर मागच्या आसावर साडेतेराच्या आसपास टन आले. म्हणजे एकेका टायरवर सहाशेहून अधिक किलो जास्त. भाराने टायर दबतो, प्रत्येक फेऱ्यात वाकतो, वाकून आतून तापतो. वर विदर्भातला मे. तो फुटला यात नवल कसले? आणि रस्ता? १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार एक तृतीयांश जादा, तर झीज तिप्पट!

पुढे कायदा कडक झाला. जादा माल दंड घेऊन तसाच पुढे सोडू नका, उतरवून घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली राज्यांना बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार असा झाला. त्याआधी २०१८ मध्ये सहाचाकी गाडीची मर्यादा १८.५ टनांवर नेली गेली : पुढे सात, मागे साडेअकरा. पण टायर राजपत्र वाचत नाही. जुने दहा-वीस टायर पुढे सहा आणि मागे १०.९ टनच पेलतात. वाढीव भाराला वाढीव ताकदीचेच टायर हवेत. आणि आपल्या गाडीची मर्यादा तिच्या आरसीवर लिहिली असेल तीच.

त्या अपघातानंतर मी अंदाजपत्रकात पासिंगचेच टन धरू लागलो. कित्येक प्रस्ताव तिथेच कोसळले. काही मालक रागावून दुसऱ्या बँकेत गेले, आणि तिथे त्यांना कर्ज मिळालेही. शाखेचे उद्दिष्ट त्या वर्षी हुकले. मला त्याची खंत नाही. खंत आहे ती आधीच्या सह्यांची.

ट्रकवाला हावरट, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तेरा टन त्याच्या डोक्यात शिरतात कुठून? स्वस्त भाडे मागणारा व्यापारी, हप्ता ठरवणारा बँकवाला, स्वस्त सिमेंट हवे असणारे तुम्ही-आम्ही, सगळ्यांचा थोडा थोडा माल त्या गाडीत असतो. जो धंदा पासिंगवर परवडत नाही, तो परवडतच नाही, हे कर्ज देण्याआधी सांगायला हवे. ते सांगण्याच्या खुर्चीवर मी बसलो होतो.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. त्याच्या पायाची नोंद माझ्या बँकेच्या कुठल्याच खात्यात नाही.