पाटील इकडचे, पाटील तिकडचे

कोगनोळीचा टोलनाका ओलांडून निपाणीत शिरलं की पाट्यांवरची लिपी बदलू लागते, आडनाव मात्र तेच राहतं: पाटील. मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील, मुसलमान पाटीलसुद्धा. यांच्यात ना सोयरीक, ना भाऊबंदकी. मग एवढ्या निरनिराळ्या घरांच्या दारावर एकच नाव लागलं कसं?

कारण ते नाव नव्हतंच, हुद्दा होता. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतल्या ताम्रपटांत 'पट्टकिल' हा गावचा मुख्य म्हणून भेटतो. पुढे बहामनी आले, आदिलशाही आली, पेशवे आले. सारा वसूल करून देणारा आणि गावचे तंटे तोडणारा माणूस मात्र प्रत्येकालाच हवा होता. कानडी मुलखात लोक त्याला गौडा म्हणत, दफ्तरात तो पाटील. विजापूरकडचे राजकारणी बसनगौडा पाटील यत्नाळ यांचं नाव जरा सावकाश वाचा. गौडा म्हणजे गावचा मुख्य, पाटील म्हणजेही तोच, आणि यत्नाळ हे गाव! एका माणसाच्या नावात दोन भाषांची पाटीलकी.

आडनाव पसरलं ते वतनामुळे. गावकी सांभाळायला एक जण पुरे, पण वतन साऱ्या भावांचं. म्हणून अख्खी भावकी पाटील लावू लागली. मूळ कुळाचं नाव कुठे मागे पडलं, कुठे माने-पाटील, शिंदे-पाटील असं जोडून राहिलं. मान तर विचारूच नका! बेंदराच्या सणाला पाटलाचा बैल पुढे की दुसऱ्या तक्षिमेचा, म्हणजे वतनातल्या दुसऱ्या वाटेकऱ्याचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं झाली आहेत.

गंमत म्हणजे हाच खेळ युरोपातही झाला. मध्ययुगात जर्मन रिवाजाने वसवलेल्या गावांच्या मुख्याला 'शुल्टहाइस' म्हणत. त्यालाही वंशपरंपरेने पद, करमाफ जमीन, दंडातला वाटा. म्हणजे आपला वतनदारच. त्या हुद्द्याचं स्लोव्हाक लोकांत 'शोल्तेस' हे आडनाव झालं, चेक लोकांत 'शुल्त्स'. हंगेरियन घरांतही शोल्तेस सापडतात. सीमा तिथेही बदलत राहिल्या, आडनावं त्या ओलांडून गेली.

आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. पुढे तिकडे वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले, इकडे वसंतदादा पाटील. दरम्यान वंशपरंपरेची पाटीलकी दोन्हीकडे कायद्याने संपली होती: म्हैसूरचा कायदा १९६१चा, महाराष्ट्राचा १९६२चा. महाराष्ट्रात १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद मात्र आहे. ते वारशाने मिळत नाही, त्याला आरक्षणही लागू आहे. त्यामुळे आज कागल तालुक्यातल्या एखाद्या गावचे पोलीस पाटील आडनावाने कांबळे असू शकतात, आणि शेजारच्या घरातल्या पाटलांकडे नुसतं आडनाव.