शासन-अनुदानित गृहसेवेची प्रतीक्षा आणि ज्येष्ठांच्या काळजीचे व्यवस्थापन : ऑस्ट्रेलियातील अनुभवाचे विवेचन

गोषवारा

वृद्धांना स्वतःच्या घरी राहूनच शुश्रूषा मिळावी यासाठी ऑस्ट्रेलियात शासकीय अनुदानावर गृहसेवा दिली जाते. मात्र पात्रता मान्य झाल्यानंतरही प्रत्यक्ष सेवा मिळेपर्यंत अनेकांना दीर्घकाळ थांबावे लागले आहे. या प्रतीक्षाकाळात वृद्धाची प्रकृती, घर आणि काळजी घेणारी व्यक्ती या तिन्हींचे व्यवस्थापन कसे करावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कुटुंबाने निमूटपणे निभावलेली गरज शासनाच्या दृष्टीने अदृश्य राहते. म्हणून या काळात नोंद ठेवणे हाही शुश्रूषेचाच भाग ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : ज्येष्ठ नागरिक, गृहसेवा, प्रतीक्षायादी, काळजीवाहक, फेरमूल्यमापन.

१. प्रस्तावना

वार्धक्य ही केवळ वैद्यकीय समस्या नाही. स्नान, वस्त्रे बदलणे, भोजन, औषधे, शौचास जाणे, बाजारहाट अशा नित्याच्या क्रियांत हळूहळू परावलंबन येत जाते आणि त्यातूनच काळजीची गरज निर्माण होते. ही गरज भागविण्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीने वृद्धाच्या घरी येऊन दिलेली मदत म्हणजे गृहसेवा होय. बहुसंख्य वृद्धांना आपले घर सोडून संस्थेत जाण्याची इच्छा नसते. त्यामुळे कल्याणकारी राज्यांनी गेल्या काही दशकांत गृहसेवेवर भर दिला. परंतु मागणीच्या मानाने निधी मर्यादित राहिल्याने अनेक देशांत प्रतीक्षायाद्या निर्माण झाल्या. ऑस्ट्रेलियातील यादीची आकडेवारी प्रसिद्ध होत असल्याने व तिची उच्चस्तरीय चौकशी झालेली असल्याने तो देश अभ्यासासाठी उपयुक्त ठरतो. शिवाय सिडनी, मेलबर्न आदी शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील पहिली पिढीही आता वार्धक्यात पदार्पण करीत आहे.

२. प्रतीक्षायादीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट २०१३ पासून ‘होम केअर पॅकेज’ ही योजना लागू झाली. गरजेच्या तीव्रतेनुसार तिचे चार स्तर होते. प्रारंभी पॅकेजेसचे वाटप सेवा देणाऱ्या संस्थांना होत असे व प्रत्येक संस्था आपली स्वतंत्र यादी ठेवीत असे. त्यामुळे देशभरात एकूण किती वृद्ध थांबले आहेत, याचे एकत्रित चित्र मिळत नव्हते. २७ फेब्रुवारी २०१७ पासून पॅकेज थेट व्यक्तीच्या नावे मंजूर होऊ लागले आणि एकच राष्ट्रीय प्राधान्ययादी अस्तित्वात आली. रांग प्रथमच मोजली गेली आणि तिची लांबी पाहून समाजाला धक्का बसला. २०१८ मध्ये मंजूर स्तराच्या पॅकेजसाठी थांबलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती आणि सर्वोच्च, म्हणजे चौथ्या स्तरासाठी अपेक्षित प्रतीक्षा बारा महिन्यांहून अधिक दाखविली जात होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वृद्धसेवेची गुणवत्ता व सुरक्षितता तपासण्यासाठी रॉयल कमिशन नेमण्यात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अंतरिम अहवालाला ‘उपेक्षा’ या अर्थाचा एकच शब्द शीर्षक म्हणून देण्यात आला होता. २०१७-१८ या एका वर्षात पॅकेजच्या प्रतीक्षेत असताना सुमारे १६ हजार वृद्धांचे निधन झाले, ही बाब या अहवालाने जगासमोर आणली. यांतील प्रत्येक मृत्यू प्रतीक्षेमुळेच झाला असे म्हणता येणार नाही. तथापि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मान्य झालेली मदत त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, हे निर्विवाद आहे. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. डिसेंबर २०२१ अखेर यादी संपवावी व त्यानंतर मूल्यमापनापासून एका महिन्यात सेवा मिळावी, ही त्यांतील एक महत्त्वाची शिफारस होती. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ८० हजार अतिरिक्त पॅकेजेसची तरतूद झाली. यादी काही काळ घटली आणि पुन्हा वाढली. मार्च २०२५ अखेर ती ८७ हजारांवर होती. त्याच वर्षी जुलैअखेर आणखी १ लाख २० हजारांहून अधिक वृद्ध केवळ मूल्यमापनासाठी थांबले होते. म्हणजे रांगेत उभे राहण्यासाठीही एक रांग होती.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नवा वृद्धसेवा कायदा व ‘सपोर्ट ॲट होम’ ही योजना अमलात आली. चारऐवजी आठ वर्ग करण्यात आले आणि निकड पाहून तातडीचा, उच्च, मध्यम व सामान्य असे चार प्राधान्यक्रम ठरविण्यात आले. प्रतीक्षा अपेक्षेपेक्षा लांबल्यास मंजूर रकमेच्या ६० टक्के निधी प्रथम देऊन सेवा सुरू करण्याची सोयही या योजनेत आहे. प्रतीक्षेची वस्तुस्थिती शासनाने एका अर्थी येथे मान्यच केली आहे.

३. प्रतीक्षाकाळाचे स्वरूप

प्रशासनाच्या दृष्टीने प्रतीक्षा म्हणजे अर्ज आणि सेवा यांमधील रिकामा काळ. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र हा काळ रिकामा नसतो. कारण यादी थांबते, पण वार्धक्य थांबत नाही. पडण्याच्या भीतीने वृद्ध व्यक्ती चालणे कमी करते. चालणे कमी झाल्याने पायांतील शक्ती घटते आणि त्यामुळे पडण्याचा धोका अधिकच वाढतो. एकट्या वृद्धाचा स्वयंपाक चहा-बिस्किटांवर येतो व वजन उतरते. औषधांच्या वेळा चुकतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी बदलली न गेल्यास शय्याव्रण होतात. यांपैकी कोणतीही एक घटना वृद्धाला रुग्णालयात नेण्यास पुरेशी असते. जी व्यक्ती आठवड्यातून काही तासांच्या मदतीवर घरी राहू शकली असती, तिला मग संस्थेत दाखल करावे लागते.

या काळात प्रत्यक्ष सेवा कोणीतरी देतच असते. पत्नी, पती, मुलगी किंवा सून तो भार उचलते. त्या श्रमाला वेतन नसते, वेळेची मर्यादा नसते आणि शासनदरबारी त्याची नोंदही नसते.

४. मूल्यमापन आणि झाकलेली गरज

वृद्धाची गरज किती, हे मूल्यमापक घरी येऊन ठरवितो. वर्ग आणि प्राधान्यक्रम दोन्ही त्यावरच अवलंबून असतात. येथे एक विसंगती उद्भवते. कुटुंब जितक्या नेटाने काळजी घेते, तितकी वृद्धाची गरज कमी भासते. मूल्यमापक येणार म्हणून घर आवरले जाते. आजोबा दाढी करून, स्वच्छ कपडे घालून बसतात आणि ‘अंघोळ कशी करता?’ या प्रश्नाला ‘माझी मी करतो’ असे उत्तर देतात. सुनेने पाणी काढून दिले, मुलाने हात धरून बसविले, या गोष्टी त्या उत्तरात येत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली शिकवण व्यवहारात अनेकदा उपयोगी पडते. मूल्यमापनाच्या वेळी मात्र तीच मूठ हानिकारक ठरते.

भाषेचा प्रश्न ही विसंगती वाढवितो. मुलगा दुभाष्याचे काम करीत असेल, तर लघवीवर ताबा राहत नाही यासारखी गोष्ट आई त्याच्या तोंडून परक्या माणसाला सांगू इच्छीत नाही. अशा प्रसंगी शासकीय दुभाषी सेवेची मागणी करता येते व ती करणे अधिक हितावह असते. तसेच मूल्यमापकाला चांगल्या दिवसाचे नव्हे, तर वाईट दिवसाचे वर्णन सांगणे आवश्यक असते. यात अतिशयोक्ती नसते. मदत नसती तर काय झाले असते, हे त्यात स्पष्ट होते.

५. प्रतीक्षाकाळातील व्यवस्थापन

अ) तात्पुरत्या सेवांचा उपयोग : मुख्य योजनेच्या यादीत नाव असतानाही अन्य काही सेवा घेता येतात. २०१५ मध्ये सुरू झालेला ‘कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्रॅम’ हा त्यांतील प्रमुख होय. घरपोच भोजन, साफसफाई, वाहन, परिचारिकेची भेट अशा प्राथमिक सेवा त्यातून अल्प शुल्कात मिळतात. त्याचे अनुदान संस्थांना दिले जात असल्याने त्या भागातील संस्थेकडे जागा आहे की नाही, यावर सेवा अवलंबून असते. म्हणून एका संस्थेचा नकार अंतिम समजू नये. रुग्णालयातून घरी जाताना साधारणतः १२ आठवड्यांपर्यंत संक्रमण-काळजी मिळू शकते, परंतु तिचा निर्णय रुग्णालय सोडण्यापूर्वीच व्हावा लागतो. आयुर्मर्यादा तीन महिने वा त्याहून कमी असल्याचे वैद्यकीय मत असल्यास ‘सपोर्ट ॲट होम’मध्ये अंत्यकालीन काळजीचा स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहे.

आ) घराची सुरक्षितता : स्नानगृहात व शौचालयाजवळ भिंतीला पक्के दांडे, न घसरणारी चटई, अंघोळीसाठी खुर्ची, रात्रीचा मंद दिवा आणि वाटेतील सुटे गालिचे व तारा काढून टाकणे, हे उपाय तुलनेने अल्प खर्चाचे आहेत. औषधविक्रेत्याकडून वारानुसार व वेळेनुसार भरलेली औषधांची पाकिटे घेतल्यास चुका कमी होतात.

इ) नोंद आणि फेरमूल्यमापन : यादीतील स्थान कायमचे ठरलेले नसते. प्रकृतीत बदल झाल्यास फेरमूल्यमापनाची मागणी करता येते. पण ‘तब्येत खालावली’ एवढे सांगणे पुरेसे होत नाही. कोणत्या दिवशी पडणे झाले, रात्री किती वेळा उठावे लागले, कोणते औषध चुकले, वजन किती घटले, काळजीवाहकाला किती तास द्यावे लागले, हे एका साध्या वहीत तारीखवार लिहिलेले असावे. दोन-तीन आठवड्यांची अशी नोंद व सोबत डॉक्टरांचे पत्र असल्यास झाकलेली गरज कागदावर येते. शासनाकडून येणारी पत्रेही याच वहीत ठेवावीत. कारण निधी मंजूर झाल्यावर ५६ दिवसांत संस्थेशी करार करावा लागतो आणि विनंती केल्यास २८ दिवसांची मुदतवाढ मिळते. प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर केवळ पत्र न उघडल्याने मंजुरी हातची जाणे, ही सहज टाळता येणारी हानी आहे.

ई) काळजीवाहकाचे रक्षण : काळजी घेणारी व्यक्तीच आजारी पडली, तर घरातील संपूर्ण व्यवस्था कोसळते. वृद्धाला उचलताना होणारी कंबरदुखी, अपुरी झोप आणि एकाकीपणा ही तिची नेहमीची दुखणी होत. ऑस्ट्रेलियात २०२० पासून ‘केअरर गेटवे’ या सेवेद्वारे समुपदेशन व आणीबाणीच्या वेळी पर्यायी काळजीची सोय केली जाते. भावंडांनी कामांची लेखी वाटणी करणे आणि काळजीवाहकाला आठवड्यातील काही तास पूर्णतः मोकळे ठेवणे, ही शासनावर अवलंबून नसलेली तजवीज आहे.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. २०१० मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळाले; मात्र ते प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी येऊन नित्य शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा खर्च हक्क म्हणून मिळावा, अशी सार्वत्रिक तरतूद आपल्याकडे नाही. केरळने २००८ मध्ये परिहारक काळजीचे धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत गृहभेटी सुरू केल्या, हा देशातील लक्षणीय अपवाद होय.

याचा अर्थ महाराष्ट्रातील वृद्ध प्रतीक्षा करीत नाहीत, असा नव्हे. येथे यादी नाही, म्हणून प्रतीक्षा मोजली जात नाही. २०१७ पूर्वीच्या ऑस्ट्रेलियात एकत्रित गणनेच्या अभावी रांग झाकलेली होती. महाराष्ट्रात ती घरोघरी झाकलेली आहे. महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना दत्तक गावांत या गणनेचा प्रारंभ करता येईल. किती घरांत परावलंबी वृद्ध आहेत, त्यांची काळजी कोण घेते, त्यासाठी कोणाचे शिक्षण वा रोजगार सुटला, एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनही धोरणास आधार मिळू शकेल.

७. समारोप

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शासनाने हक्क मान्य केला, तरी तो वेळेवर पोहोचला नाही तर वृद्धाच्या दृष्टीने त्याचे मोल उरत नाही; एका वर्षातील १६ हजार मृत्यू हेच सांगतात. दुसरे असे की, प्रतीक्षाकाळ हा शुश्रूषेचाच एक टप्पा आहे आणि त्यात कुटुंबाने केलेले श्रम लपविण्याऐवजी लिहून ठेवले, तरच ते शासनाला दिसतात. राष्ट्रीय पातळीवर मोजलेल्या रांगेने चौकशी आयोग आणि नवा कायदा यांची वाट मोकळी केली. घरातल्या साध्या वहीचे कार्यही, लहान प्रमाणावर का होईना, तेच असते.