नाचणाऱ्या पायांची निगा

शाळा-कॉलेजांत गॅदरिंगचे दिवस आले, की मुरगळलेले घोटे आणि सुजलेले गुडघे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. पूर्वी हे दुखणे हौसेपुरते असे. आता आपल्या भागातल्या मुलीही हिप-हॉप शिकतात, शिकवतात आणि कार्यक्रमांची नृत्ये बसवून घराला हातभार लावतात.

अशीच एक नृत्यशिक्षिका दोन महिने नडगीचे दुखणे अंगावर काढून माझ्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टर, विश्रांती सोडून काहीही सांगा. क्लास बंद ठेवला तर पोरं दुसरीकडं जातील." खरे दुखणे इथे आहे. पाय हेच भांडवल, आणि आजारपणाची रजा नाही.

हे नवे नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) दिवस भरलेले असताना फडात नाचल्या, पडद्याआड बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, असे सांगतात. त्या जिद्दीला नमस्कार. पण ती वेळ कुणावर येऊ नये, असे डॉक्टर म्हणून वाटते.

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ची ती प्रसिद्ध पार्टी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून ठेवली होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यातलाच 'ब्रेकिंग' हा प्रकार खेळला गेला. महिलांचे सुवर्णपदक जपानच्या आमी युआसा हिने जिंकले. आपल्याकडे 'नटरंग' (२०१०) मधली 'अप्सरा आली' ही लावणी बसवणाऱ्या फुलवा खामकर मुळात जिम्नॅस्ट. आधी शरीर घडवले, मग नाच. हे ध्यानात घ्यावे.

अंगण तपासा

'नाचता येईना अंगण वाकडे' असे आपण हसून म्हणतो. इथे मात्र अंगणाचा दोष खरा असू शकतो. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या गच्चीवर उड्या मारल्या, की प्रत्येक धक्का नडगीत आणि गुडघ्यात जातो. शक्य तर लाकडी किंवा रबरी तळ पाहावा; निदान जाड तळाचे, घट्ट बसणारे बूट घालावेत. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे. उडीनंतर खाली येताना गुडघे वाकलेले असावेत, आत वळू देऊ नयेत. गुडघ्यातील दोरीसारखा बंध तुटण्याचा धोका अशा खेळांत मुलींना मुलांपेक्षा अधिक असतो. मानेत ताकद आल्याशिवाय डोक्यावर गरगर फिरू नये. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर ठेवावा.

घोटा मुरगळल्यास

चोळू नये, शेकू नये. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी, रात्रीही ठणकणारी वेदना असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्यावर गोळी खाऊन नाचणे म्हणजे आजार वाढवणे. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे.

पोटाकडे लक्ष द्या

राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. लवकर दम लागणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार घ्यावा. बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळी, हरभरे, अंडी खावीत. वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा नको. बारीक दिसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलींची पाळी बंद पडते आणि हाडे ठिसूळ होतात. तीन महिने पाळी आली नाही, तर "नाचामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नये. पाळीत नाचल्याने मात्र गर्भाशयाला काही इजा होत नाही. त्रास नसेल तर खुशाल नाचावे.

आठवड्यात एक दिवस सुट्टी हवीच. शिकवणाऱ्या मुलींनी प्रत्येक स्टेप स्वतः दहादा करून दाखवू नये. एखादी तयार विद्यार्थिनी पुढे उभी करावी. त्या शिक्षिकेला मी हेच सुचवले. सहा आठवडे तिने खुर्चीवर बसून, तोंडाने ताल धरून क्लास घेतला. एकही मूल दुसरीकडे गेले नाही.

आणि पालकहो, पोरगी लंगडत घरी आली तर "नाच बंद कर" म्हणू नका. म्हणाल, तर पुढच्या वेळी ती दुखणे लपवील.