आधी वाट, मग फौज

मैत्रिणींनो, मध्यंतरी चांद्याला गेले होते. पुण्याहून सूसच्या वाटेने नांदे ओलांडलं की चांदे. माझ्या नणंदेचं सासर तिथलं. निमित्त हळदीकुंकवाचं. आता बायका जमल्या की वाण हातात पडेपर्यंत एकमेकींच्या मुलाबाळांच्या चौकश्या होणारच, नाही का? नणंदेच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो, त्यांचा धाकटा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालाय. कुणीतरी कौतुक केलं, तर अक्का फणकाऱ्याने म्हणाल्या, "कसला लढतोय! तिकडं रस्तं करतोय म्हणं. फावडंच धरायचं होतं तर आमचं शेत काय वाईट होतं?"

सगळ्या हसल्या, पण अक्का हसल्या नाहीत. भावकीतला एक मुलगा पायदळात आहे. त्याचं गावभर नाव होतं आणि आपल्या पोराचं कुणी विचारत नाही, हे त्यांच्या मनात सलत होतं. मग हातातली वाटी तशीच ठेवून मी त्यांना मेजर रामा राघोबा राणे यांची हकिगत सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म १९१८ चा, वडील पोलीस शिपाई. त्यांच्या सारख्या बदल्या, त्यामुळे मुलाची शाळाही धड एका जागी झाली नाही. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे अक्कांच्या मुलाच्याच पलटणीत, साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, एकेक पायरी चढत गेले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. फावडं हातात धरूनच वर आलेला हा अधिकारी!

अधिकारी होऊन चार महिने होताहेत तोच, एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. राजौरी आदल्या नोव्हेंबरात शत्रूच्या हाती गेलं होतं आणि तिथल्या बायामुलांचे फार हाल झाले होते. आता लवकर पोचणं भाग होतं. पण रस्ता डोंगरातला, नागमोडी. शत्रूने तो जागोजागी उखडलेला, झाडं आडवी टाकलेली, सुरुंग पेरलेले. रणगाडा कितीही मोठा असो, सुरुंगावर त्याचा पट्टा आला की तो जागीच बसतो. म्हणून सगळ्या फौजेच्या पुढे जायचं कुणी? सॅपर्सनी.

तांदूळ निवडताना आपला एखादा खडा राहतो, तो दाताखाली येतो, आपण चुकचुकतो नि पुढचा घास घेतो. इथे एक राहिला तर माणूसच राहत नाही. आणि हे निवडणं समोरून गोळ्या येत असताना करायचं!

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमाराला राण्यांची तुकडी नदपूरजवळ रणगाड्यांपाशी कामाची वाट पाहत थांबली होती. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. मला विचाराल तर या माणसाची खरी परीक्षा इथेच झाली. शेजारी दोन साथीदार मरून पडलेत, आपल्या अंगातून रक्त येतंय, आणि उरलेल्यांना पुन्हा उभं करायचंय. त्यांनी लगेच तुकडीची नव्याने जुळवाजुळव केली आणि कामाला लागले. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, त्याच्या गतीने पुढे सरकत त्यांनी सुरुंग हुडकले. चालकाला खुणावायला दोन दोर होते, एक चल म्हणायला, एक थांब म्हणायला. संध्याकाळी बरवालीची टेकडी हाती आली, पण शत्रू अजून आसपासच होता. तरी रात्री दहापर्यंत त्यांनी रणगाड्यांसाठी बाजूने वाट करणं चालूच ठेवलं.

९ तारखेला पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला ती वाट तयार झाली आणि राणे सगळ्यांत पुढच्या गाडीत जाऊन बसले. मागे बसायला त्यांना कुणी अडवलं नसतं! थोडं पुढे जातात तो पाइनची झाडं आडवी. उतरले, सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवून दिलेली मोरी. अंधार पडता पडता पाच मोठी झाडं एकदम, भोवती सुरुंग आणि वर मशिनगनचा पहारा. राणे तेवढ्यातही सुरुंग काढायला बसले होते, शेवटी रणगाड्यांच्या प्रमुखानेच त्या दिवसापुरतं थांबायला लावलं.

१० एप्रिलला पावणेपाचला उठून साडेसहाला तो अडथळा मोकळा! त्या दिवशी रणगाडे नदीच्या पात्रातून दुपारी दोनला चिंगासला पोचले. आता कुणीही म्हणालं असतं, झालं आपलं काम. पण मागून अन्न, औषध, दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्या पात्रातून कशा जाणार? त्यांना रस्ताच हवा. राणे रात्री नऊपर्यंत काही न खाता, न टेकता तो साफ करत राहिले. ११ तारखेला अकरा वाजता चिंगासपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत शिरली.

जून १९५० मध्ये राण्यांना परमवीरचक्र जाहीर झालं. जाता जाता सांगते, हे पदक रेखाटलं ते एका बाईने. सावित्रीबाई खानोलकर. जन्म स्वित्झर्लंडमधला, लग्न मराठी लष्करी अधिकाऱ्याशी. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यातच वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

एवढं सांगून होईतो खोलीत कुणी बोलत नव्हतं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बेटाचं, पदकाचं काही नाही, त्यांनी एवढंच विचारलं, "रातीच्या नवापर्यंत उपाशीच होता व्हय वं तो?"

"हो अक्का."

"मग आमचा सुट्टीला येईल तवा त्याला इचारते, जेवाय देतात का नीट," म्हणाल्या आणि उठून माझ्या वाटीत आणखी दोन तिळाचे लाडू घातले.