अंगठा उमटेना तेव्हा

निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवणाऱ्या आपल्या समाजात आज उच्चविद्याविभूषित मंडळीही पैसे चुकते करताना मोबाईलवर अंगठाच टेकवतात, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल. खूण मात्र जुनीच. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला होता.

शापोरा नदीवर पूल होण्यापूर्वी चोपड्याहून शिवोलीला जाण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहावी लागे. त्याच चोपड्यात आता बँक खिशात आली आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की फोन धरणारा हात मालकाचाच आहे हे कसे ठरवावे आणि ते ठरवताना त्याचे खासगीपण कसे राखावे?

मोबाईलच्या स्पर्शविरहित व्यवहारात ठसा फोनमधल्याच सुरक्षित कप्प्यात पडताळला जातो. दुकानातील यंत्राकडे जाते ती त्या व्यवहारापुरतीच सांकेतिक खूण. कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजीही पर्यायी क्रमांक पाठविला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयमध्येही पिनऐवजी बोट वा चेहरा वापरण्याची ऐच्छिक सोय आली. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात मात्र ठसा कूटबद्ध होऊन मध्यवर्ती भांडाराशी ताडला जातो. हा फरक रुग्णांना सांगण्याजोगा आहे. जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून कृत्रिम बोटे बनवून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

आणि अंगठा झिजतोही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक! वार्धक्य, इसब, शेतातली व मिठागरातली मेहनत, काजूच्या टरफलातील दाहक तेल, ही सारी बोटांवरच्या रेषा पुसतात. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या कर्करुग्णाचे ठसे नाहीसे झाल्याने त्याला अमेरिकेच्या विमानतळावर अडकून पडावे लागल्याची नोंद २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. असे औषध सुरू करताना आपण तळहातांच्या जळजळीबद्दल सांगतो, ठशांबद्दल सहसा सांगत नाही.

अंगठा जुळला नाही की पेडण्यातली वृद्ध आजी काय करते? पिन नातवाला सांगते, शेजाऱ्याला सांगते, प्रसंगी आपल्या कंपाउंडरलाही सांगते. सारी सुरक्षितता तेथेच संपते. त्यापेक्षा कमी झिजलेले दुसरे एखादे बोट, बहुधा डाव्या हाताची अनामिका, फोनमध्ये नोंदवून द्यावे.

आपल्या दवाखान्यातही थोडे डोकवावे. मानसोपचाराची वा गुप्तरोगाची फी चुकती होताच टेबलावरची पेटी ती रक्कम मोठ्याने घोषित करते आणि बाकावरची माणसे माना वळवतात. त्या पेटीचा आवाज मी बंद करवला आहे.