निःशब्द कॅमेऱ्याची निवड

छायाचित्रकाराला प्रकाशाची चिंता सदैव वाहावी लागते. ध्वनीची चिंता त्याला एरवी करावी लागत नाही. लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेच्या गर्दीत कॅमेऱ्याचा आवाज कोणाच्या खिजगणतीतही नसतो. परंतु काही ठिकाणी हाच क्षीण आवाज सर्वांच्या आधी कानी पडतो. मैफलीत विलंबित ख्यालाची आलापी चालू आहे, रंगमंचावर दोन वाक्यांमधील विराम प्रेक्षागृहात भरून राहिला आहे, सभामंडपात लोक डोळे मिटून प्रार्थनेला बसले आहेत, किंवा पाणवठ्यावर एखादा बुजरा पक्षी नुकताच उतरला आहे. अशा वेळी ‘खट्’ असा एक आवाज पुरेसा होतो. ज्या क्षणासाठी छायाचित्रकार तेथे आला, तो क्षण त्याच्याच यंत्राने मोडलेला असतो. अशा प्रसंगी कोणता कॅमेरा उपयोगी पडतो आणि त्याची पारख कशी करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

सेवाग्राममधील तीन अटी

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात राहणारे कनू गांधी हे नारणदास गांधी यांचे चिरंजीव व नात्याने गांधीजींचे चुलत नातू. गांधीजींची छायाचित्रे काढण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा त्यांना तीन अटींवर संमती मिळाली: प्रकाशझोताचा, म्हणजे फ्लॅशचा, वापर करावयाचा नाही, चित्रासाठी कोणाला विशिष्ट पद्धतीने बसावयास वा उभे राहावयास सांगावयाचे नाही, आणि या छंदाचा खर्च आश्रमाने सोसावयाचा नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कनू गांधींनी रोलायफ्लेक्स जातीचा कॅमेरा व फिल्म विकत घेतली. पुढे १९४८ पर्यंत, म्हणजे गांधीजींच्या आयुष्याच्या अखेरच्या दशकात, त्यांच्याइतक्या जवळून गांधीजींचे चित्रण क्वचितच कोणी केले असेल.

अटींमध्ये आवाजाचा उल्लेख नाही. तरीही प्रार्थना, सूतकताई, लेखन आणि सोमवारचे मौन यांनी बांधलेल्या त्या दिनक्रमात गडबड करणारे यंत्र टिकले नसते. रोलायफ्लेक्स तेथे का शोभला हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागेल. या कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून दृश्य पाहावयाचे आणि खालच्या भिंगातून चित्र घ्यावयाचे. वरच्या भिंगामागील आरसा आपल्या जागी पक्का बसविलेला असतो. चित्र घेताना तो हलत नाही. झडप, म्हणजे शटर, भिंगाच्या आतच बसविलेल्या लहान व पातळ पात्यांची असते. ही पाती उघडून मिटतात तेव्हा अगदी हलकासा आवाज होतो. पुढील चित्रासाठी फिल्म फिरविण्याचा आवाज होतो खरा, पण तो केव्हा करावयाचा हे छायाचित्रकाराच्या हाती असते. शिवाय हा कॅमेरा डोळ्याशी न लावता छातीच्या वा पोटाच्या उंचीवर धरून, मान खाली घालून त्यात पाहावयाचे असते. त्यामुळे समोरच्या माणसावर रोखलेपणाचा दाब येत नाही.

आवाज कोठे जन्मतो

‘कॅमेऱ्याचा आवाज’ असे आपण एकवचनात म्हणतो, परंतु तो अनेक आवाजांचा समुच्चय असतो. ज्या कॅमेऱ्यात एकाच भिंगातून पाहणे व चित्र घेणे ही दोन्ही कामे होतात, त्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांच्या कोनात एक आरसा असतो. कळ दाबताच हा आरसा झटक्याने वर जाऊन आदळतो. त्याच वेळी भिंगातील प्रकाशछिद्राची पाती आकुंचन पावतात. मग शटरचा पहिला पडदा धावतो, त्यामागून दुसरा धावतो, आणि आरसा पुन्हा खाली येऊन बसतो. अखेरीस मोटर फिल्म पुढे सरकवते किंवा पुढील चित्रासाठी शटरचा ताण चढवते. एका चित्रामागे एवढ्या हालचाली होतात, आणि त्यांत आरशाचा आघात सर्वांत मोठा असतो. म्हणून शांत कॅमेऱ्याच्या शोधातील पहिला प्रश्न असा: यात हलणारा आरसा आहे काय?

आरसा काढून टाकण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. १९२५ साली लाइपझिगच्या मेळाव्यात लोकांसमोर आलेल्या लायका कॅमेऱ्याने, व पुढे १९५४ च्या एम ३ या त्याच्या प्रसिद्ध आवृत्तीने, दृश्य पाहण्यासाठी भिंगापासून वेगळी खिडकी ठेवली. आरसा नाही आणि शटरचे पडदे कापडी, त्यामुळे आवाज दबका राहिला. १९४७–४८ मध्ये भारतात आलेला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हाच कॅमेरा वापरीत असे.

भिंगातच शटर असलेले लहान अंकीय कॅमेरे हा याच परंपरेचा पुढचा टप्पा होय. २०११ साली बाजारात आलेला फुजीचा एक्स १०० हे त्याचे सुपरिचित उदाहरण. आरसायुक्त अंकीय कॅमेऱ्यांपैकी अनेकांत ‘शांत’ नावाची एक सोय असते. तिच्यात आरसा सावकाश खाली येतो. आवाज विभागला जातो व थोडा मवाळ होतो. नाहीसा मात्र होत नाही.

संपूर्ण मौनाचे मोल

आरसाविरहित आधुनिक कॅमेऱ्यांत शटरचे पडदे न हलविताही चित्र घेता येते. प्रकाशग्राही पटलावर कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत प्रकाश मोजावयाचा हे विद्युत्-मंडलच ठरवते. यालाच इलेक्ट्रॉनिक शटर म्हणतात. काहीच हलत नसल्यामुळे शटरचा आवाज होत नाही. वाचकाला वाटेल की प्रश्न येथेच सुटला. परंतु या मौनाचे मोल द्यावे लागते.

बहुतेक कॅमेऱ्यांत पटलावरील माहिती एकदम वाचली जात नाही; ती ओळीमागून ओळ, वरून खाली वाचली जाते. यास अनेक कॅमेऱ्यांत सेकंदाचा सुमारे पंधरावा ते तिसावा भाग लागतो. यांत्रिक पडदा तेवढेच अंतर साधारणपणे सेकंदाच्या दोनशे ते तीनशेव्या भागात कापतो. गवयाचा चेहरा एवढ्या अवधीत फारसा हलत नाही. तबलजीची बोटे मात्र हलतात, आणि चित्रात ती विचित्र वाकलेली दिसतात. व्हायोलिनचा गज तिरपा होतो, नर्तकीचा हात लांबतो.

दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडील विद्युत्प्रवाहाची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने असल्यामुळे त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदास १०० वेळा मंद व तेज होतात. डोळ्यांना हे जाणवत नाही. पण ओळीओळीने वाचणाऱ्या पटलावर त्याचे आडवे काळे-उजळ पट्टे उमटतात. उघडझापीचा काळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला तर हे पट्टे बहुधा टळतात. रंगमंचावरील काही एलईडी दिवे याहून वेगळ्या गतीने लुकलुकतात; तेथे हा उपायही लागू पडत नाही.

जलद वाचन करणारी पटले आता उपलब्ध आहेत. २०१७ च्या सोनी ए ९ मध्ये हा दोष पुष्कळ कमी झाला. २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. आणि २०२३ साली जाहीर झालेल्या सोनी ए ९ (तिसरी आवृत्ती) मध्ये पटलाचे सर्व बिंदू एकाच क्षणी प्रकाश नोंदवितात. परंतु या यंत्रांच्या किमती सामान्य हौशी माणसाला परवडणाऱ्या नाहीत. ज्याला प्रामुख्याने गायकाचे मुख टिपावयाचे आहे, त्याला साधा आरसाविरहित कॅमेरा पुरतो. तबला वा नृत्य टिपावयाचे असेल, तर भिंगातील शटरचा हलका आवाज पत्करणे हे बेढब चित्रे पत्करण्यापेक्षा बरे.

चित्रपटसृष्टीचा धडा

ध्वनी आणि कॅमेरा यांचे हे वैर जुने आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट मुंबईत तयार होत असताना स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यांच्या खडखडाटामुळे चित्रीकरण बरेचसे रात्री करावे लागले. पुढे संवाद मागाहून ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत रूढ झाली आणि सेटवरच्या आवाजाचे महत्त्व कमी झाले. मग ‘लगान’ (२००१) सारख्या चित्रपटांत प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच संवाद टिपण्यात आले. त्याबरोबर सेटवरील स्थिरचित्रकारावर मौनाचे बंधन आले. अशा कामासाठी ध्वनिशोषक अस्तर लावलेली पेटी, म्हणजे ब्लिंप, वापरली जात असे. कॅमेरा पेटीत, भिंग नळीत, आणि कळ पेटीबाहेर अशी ही योजना. ती जड व अवघड खरी, परंतु तिच्यापासून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे: आवाज उगमापाशी थांबवता येत नसेल, तर तो वाटेत अडवावा.

अंतर हाही असाच अडसर आहे. खुल्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता एक-चतुर्थांश होते. बंद सभागृहात भिंतींवरून परावर्तन होत असल्यामुळे लाभ थोडा कमी, पण होतो. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाऐवजी शंभर मिलिमीटरचे भिंग घेतले, तर दुप्पट अंतरावर बसूनही व्यक्ती चित्रात तेवढीच मोठी येते. म्हणून तुटपुंज्या अंदाजपत्रकात नव्या कॅमेऱ्यापेक्षा लांब पल्ल्याचे भिंग कधी कधी अधिक उपकारक ठरते.

दुकानात नव्हे, खोलीत

खरेदीच्या वेळी एक फसगत हमखास होते. बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी येथे बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि जुना विमानतळ रस्ता एकमेकांस छेदतात. वाहनांची रीघ दिवसभर खंडत नाही. अशा रस्त्यालगतच्या दुकानात कोणताही कॅमेरा मुकाच वाटेल, कारण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. तोच कॅमेरा त्याच शहरातील जे. पी. नगरच्या रंगशंकरा नाट्यगृहात नेऊन पाहावा. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ २००४ साली उघडलेल्या, सुमारे तीनशे आसनांच्या या नाट्यगृहात प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यास प्रवेश मिळत नाही. नट आणि प्रेक्षक तेथे इतके जवळ असतात की दुकानातील मुका कॅमेरा तेथे वाचाळ ठरतो.

म्हणून परीक्षा शांत खोलीत, शक्यतो रात्री, पंखा बंद करून घ्यावी. घरातील कोणाला तीन-चार मीटर अंतरावर पाठ करून पुस्तक वाचावयास बसवावे. आपण काही चित्रे काढावीत आणि त्यांनी किती आवाज ऐकले ते मागाहून विचारावे. संख्या जुळली तर तो कॅमेरा मैफलीच्या कामाचा नाही. याच वेळी इतर आवाजांचीही झडती घ्यावी. चित्र स्पष्ट झाल्याची खूण म्हणून होणारी ‘पीप्’ बंद करता येते काय? जुन्या भिंगाची मोटर घरघरते काय? अंधारात आपोआप लागणारा लाल दिवा आणि चित्र दाखवणारा मागील उजळ पडदा हे आवाज करीत नाहीत, परंतु शेजारच्या रसिकाच्या तंद्रीचा भंग तितकाच करतात; तेही बंद ठेवावेत. पिशवीची चेन, चिकटपट्टीचा चरचराट, पट्ट्याची कडी व करकरणारी पादत्राणे यांच्यापुढे उत्तम कॅमेऱ्याचे मौनही व्यर्थ होते. आणि आवाज करणारा कॅमेराच हाती असेल तर थांबावे: सम आली, टाळ्या पडल्या, की कळ दाबावी.

मौन आणि संमती

एक प्रश्न यंत्राच्या पलीकडचा आहे. शटरच्या आवाजाने व्यत्यय येतो, तशीच सूचनाही मिळते. आपले चित्र घेतले जात आहे हे समोरच्या माणसाला कळते. दक्षिण कोरियात २००४ साली ठरलेल्या मानकामुळे आणि जपानमध्ये उत्पादकांनी पाळलेल्या संकेतामुळे भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यांचा आवाज बंद करता येणार नाही अशी योजना झाली, ती चोरून होणाऱ्या चित्रणाला आळा घालण्यासाठीच. ज्याने निःशब्द कॅमेरा घेतला, त्याने ही सूचना काढून घेतलेली असते. तिची भरपाई त्यानेच करावयास हवी. कार्यक्रमापूर्वी कलावंताची व आयोजकांची अनुज्ञा घ्यावी, बसण्याची जागा ठरवून घ्यावी, आणि नको म्हटले की कॅमेरा खाली ठेवावा.

फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत होत्या. कनू गांधी तेथे होते. त्यांचा कॅमेरा कोणाच्याही शांततेचा भंग करणारा नव्हता, आणि त्यांना कित्येक वर्षांची मोकळीक होती. तरीही तो प्रसंग चित्रित करण्यास गांधीजींनी त्यांना मनाई केली, आणि ते चित्र घेतले गेले नाही.